रेडिओहेड: सात महिने, नऊ अल्बम आणि ऑफिसची बस

कोथरूड ते खराडी, ऑफिसची बस सकाळचा सव्वा तास खाते. जानेवारीत ठरवलं, या वेळात फोनवर बोटं फिरवत बसायचं नाही. रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचे नऊच्या नऊ अल्बम ऐकायचे. आठवड्याला एक, शफल बंद, मधलं एकही गाणं पुढे ढकलायचं नाही. आता चौथी फेरी सुरू झालीये.

तसा मी नवखा नाही. हॉस्टेलमध्ये रूममेटने 'द बेंड्स'ची कॅसेट भरून दिली होती, तेव्हापासूनची ओळख. वीस वर्षं माझी यादी ठरलेली: 'ओके कंप्युटर' पहिला, 'द बेंड्स' दुसरा, बाकीचे थोर असतील पण आपल्यासाठी नाहीत. ती यादी आता पार उलटीपालटी झालीये.

पहिला नंबर आज 'इन रेनबोज'चा. २००७ साली बँडने तो आपल्या साइटवर 'परवडेल ते द्या' म्हणून ठेवला, आणि लोक अजून त्या किमतीबद्दलच जास्त बोलतात. पहिलंच गाणं '१५ स्टेप', पाच मात्रांचं. त्यातल्या टाळ्यांवर मांडीवर ठेका धरायला गेलो की दर वेळी चुकायचो. एक दिवस सहज दोन आवर्तनं जोडून धी ना, धी धी ना म्हणून बघितलं, आणि झपताल चपखल बसला! तेव्हापासून हे गाणं परकं वाटेना. पुढे 'वियर्ड फिशेस'मध्ये गिटारी एकमेकींत गुंफत जातात. मार्चमध्ये माझ्या इअरफोनची डावी बाजू गेली (घेऊन चार महिने झाले होते, वॉरंटीवाल्यांनी 'पाणी गेलंय' म्हणून हात वर केले). एका कानाने हे गाणं ऐकलं तर वीणच उसवलेली. नवे इअरफोन त्याच संध्याकाळी घेतले. अख्खा अल्बम जेमतेम ४२ मिनिटांचा, एकही गाणं भरतीचं नाही.

दुसरा 'किड ए', साल २०००. पहिल्या फेरीत याने माझा अंत पाहिला. तिसऱ्या गाण्यात पितळी वाद्यं सुटतात ती थेट दोन वराती समोरासमोर आल्यासारखी. आता त्याच जागेची वाट बघत बसतो. पण अल्बमचा खरा जीव मला 'हाऊ टू डिसअपिअर कंप्लीटली'मध्ये सापडला. त्यात बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड ऑन्द मार्तनो नावाचं जुनं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवतो. बोटात अंगठी घालून ती तारेवर सरकवायची, की सारंगीसारखी सलग मींड निघते. आपल्या कानाला ती लगेच कळते. (हाच ग्रीनवुड पुढे जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम करून गेला, २०१५ मध्ये. मला त्यात नवल वाटलं नाही.) हे गाणं परतीच्या बसमध्ये लावू नका. मी दोनदा थेट वनाजला उतरलोय.

तिसरा 'अ मून शेप्ड पूल'. याची गाणी चक्क इंग्रजी वर्णक्रमाने लावलीत, शाळेच्या हजेरीसारखी, तरी क्रम असा लागतो की हलवावासा वाटत नाही. शेवटचं 'ट्रू लव्ह वेट्स' १९९५ पासून मैफलींत गिटारवर व्हायचं. स्टुडिओत नीट उतरायला २०१६ उजाडलं, आणि आलं ते पियानोवर, पार थकलेलं. विशीत हे मला रडकं वाटलं असतं.

'ओके कंप्युटर' चौथ्यावर घसरला, त्यात त्याचा दोष नाही, मीच तो पाठ करून झिजवलाय. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात त्याचं बरंच रेकॉर्डिंग झालं. 'एक्झिट म्युझिक'साठी बँडचा गायक टॉम यॉर्क तिथल्या दगडी जिन्यात गायलाय, तो घुमारा अजून अंगावर येतो. 'फिटर हॅपिअर' मात्र दर फेरीत सोसावं लागतं. कंप्युटरच्या आवाजातलं ते दोनेक मिनिटांचं वाचन सकाळी नऊला ऐकणं म्हणजे अप्रेझलचा मेल कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणं.

बाकीचे थोडक्यात. 'पाब्लो हनी' एका गाण्यापुरता. 'हेल टू द थीफ' चौदा गाण्यांचा, चार कमी असती तर पहिल्या तिनांत गेला असता. 'द किंग ऑफ लिम्ब्स' पाऊस आणि चांगले इअरफोन असतील तरच.

राहिला 'ॲम्नेझिॲक'. 'किड ए'च्याच वेळी रेकॉर्ड झालेला, म्हणून लोक त्याला उरलंसुरलं समजतात. माझा निकाल 'पिरॅमिड साँग'पाशी अडलाय. पियानो एकटा सुरू होतो आणि ड्रम येईपर्यंत सम कुठे ते हाती लागत नाही. भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या मेव्हण्याला गणपतीआधी ऐकवलं. त्याने डोळे मिटून बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "सोळाच आहेत रे. ठोके तेवढे तीन-तीन-चार-तीन-तीन." मग मला टाळी द्यायला लावली. मी चौथ्या ठोक्याला चुकलो. तो म्हणाला, "परत लाव."