कातळावरचे बूट : एका मोसमाच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी घोट्याच्या खाली संपणारे आणि बोटांखाली सपाट, चिकट रबर असलेले बूट घेतले. दुकानांत त्यांना ‘अप्रोच शूज’ म्हणतात. तेव्हापासून या जूनपर्यंत सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक चढाईला तेच पायांत होते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलते आणि खरेदी करणाऱ्याने नावापेक्षा बुटाची घडण पाहणे अधिक उपयोगाचे आहे. किंमत साडेपाच हजारांच्या आसपास होती. राजगड, तोरणा, कळसूबाई अशा मळलेल्या वाटांवर काही वर्षे चालल्यानंतर, जिथे हातही लावावे लागतात पण प्रत्येक पावलाला दोर लागत नाही अशा कातळटप्प्यांची ओढ ज्यांना लागते, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

बूट पारखण्याआधी आपला डोंगर कसा घडला आहे हे ध्यानात घ्यावे लागते. सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसॉल्टचा डोंगर आहे. त्यातले घट्ट थर उभे कडे होऊन टिकतात, तर सच्छिद्र आणि ठिसूळ थर झिजून त्यांच्या जागी उतार, माच्या आणि मुरमाचे घसारे तयार होतात. त्यामुळे एकाच चढाईत पाय कधी कोरड्या, खरबरीत कातळावर असतो, तर लगेचच सुट्या मुरमावर. कातळाला सोलचा जास्तीत जास्त भाग टेकलेला हवा असतो आणि घसाऱ्याला खोल दाते हवे असतात. व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने १९३७ मध्ये दातेरी रबरी सोल आणला, तेव्हापासून बूट बनवणारे या दोन गरजांचा मेळ घालण्याची खटपट करीत आले आहेत. माझ्या बुटात चवड्यापुढचा इंचभर भाग सपाट आहे आणि मागे आखूड दाते आहेत, म्हणजे घडणाऱ्याने कौल कातळाच्या बाजूने दिला आहे.

तो कौल योग्य असल्याची खात्री हरिहर किल्ल्यावर पटली. निरगुडपाड्याकडून वर आल्यावर कातळात कोरलेला जो उभा जिना समोर येतो, त्याच्या पायऱ्या शतकांच्या वापराने मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि दोन्ही कडांना बोटे अडकवण्यासाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. बहुतेक पायऱ्यांवर पूर्ण पाऊल मावत नाही, चवडाच टेकतो आणि टाच हवेत राहते. मऊ सोलचा बूट अशा वेळी मधोमध वाकतो, सगळा भार पोटरीवर येतो आणि काही पायऱ्यांतच पाय थरथरू लागतो. या बुटाचा पुढचा भाग ताठ असल्यामुळे इंचभर टेकूवरही पाय स्थिर राहतो. उतरताना तर त्याचे मोल अधिकच कळते. कातळाकडे तोंड करून उतरताना खालची पायरी दिसत नाही, बुटाचे टोक कातळावरून खाली सरकवत ती चाचपावी लागते आणि कड लागली की ती तळपायाला स्पष्ट जाणवावी लागते. जाड, गुबगुबीत सोलमध्ये ही जाणीव हरवते. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हा नियम सगळेच सांगतात, पण पायाखालचा आधार पक्का आहे की नाही हे पायालाच कळत नसेल तर त्या नियमाला अर्थ उरत नाही.

१८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून अनेक गडांच्या पायऱ्या उडवल्या. जीवधनसारख्या किल्ल्यावर त्यामुळे पायऱ्यांची ओळ तुटते आणि मधला कातळटप्पा चढूनच पुढे जावे लागते. तिथे पायाला नेहमी कोरीव खाच मिळते असे नाही, कित्येकदा तिरक्या कातळावर सोल नुसता दाबून, घर्षणाच्या भरवशावर उभे राहावे लागते. अशा जागी टाच थोडी खाली ठेवली आणि अंग कातळाला चिकटवण्याऐवजी जरा बाहेर ठेवले की भार सरळ सोलवर येतो. कोरड्या बेसॉल्टवर हे रबर असे धरते की मन निश्चिंत होते. मात्र या निश्चिंतीला मर्यादा हवी. पडल्यास खाली दरी असेल, तर जाणता सोबती आणि दोर हवेतच, चांगला बूट त्यांची जागा घेऊ शकत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर, बेलपाड्याहून वर येताना, मोठमोठ्या धोंड्यांवरून हा बूट उत्तम चालला. बोटांपुढे रबराचे जाड आवरण असल्याने कपारीत पाय अडकवतानाही बोटे सोलवटली नाहीत. घसाऱ्यावर मात्र तो निश्चितच उणा पडतो. फेब्रुवारीनंतर मुरूम वाळून सुटा होतो, कारवीच्या दांड्यांखेरीज धरायला काही उरत नाही आणि आखूड दात्यांमुळे उतारावर टाच रोवली जात नाही. त्या टप्प्यांवर मी काठी वापरू लागलो आणि पाऊल किंचित आडवे टाकू लागलो, त्याने बराच फरक पडला. ज्यांचे बहुतांश चालणे अशा उतारांवरचे आहे, त्यांनी खोल दात्यांचाच बूट घ्यावा.

जलरोधक अस्तराचा बूट न घेण्याचा निर्णय मी विचारपूर्वक केला होता आणि आजही त्यावर ठाम आहे. आपल्याकडचा पाऊस पिंडरीवरून ओघळत वरूनच बुटात शिरतो, आणि एकदा आत गेलेले पाणी ते अस्तर बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण चालता चालता निथळतो आणि चुलीपासून दूर, वाऱ्यावर ठेवला तर दुसऱ्या दिवशी घालण्याजोगा होतो. ओल्या शेवाळावर मात्र कोणतेही रबर धरत नाही. पावसाळ्यात कातळटप्पे वर्ज्य करून माळ, घाटवाटा आणि पठारे चालावीत, हे जुन्या ट्रेकरांचे सांगणे बुटाच्या किमतीवर अवलंबून नाही.

घोटा झाकणारा बूट पाय मुरगळू देत नाही असे अनेकजण सांगतात. माझ्या अनुभवात घोट्याचे रक्षण मोकळ्या पावलाने आणि कमावलेल्या तोलाने अधिक होते, आणि कातळावर घोटा सर्व बाजूंना वळणे आवश्यकच असते. पाठीवर जड सॅक असेल तर गोष्ट वेगळी. मापाबाबत एवढेच सांगतो की बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना आणि ट्रेकचे जाड मोजे घालून पाहावा, आणि उतरणीवर बोटे पुढे आपटणार नाहीत एवढी जागा पुढे सोडावी. नाडी पुढे थोडी सैल आणि घोट्यापाशी घट्ट बांधली की टाच जागची हलत नाही.

टिकाऊपणाबद्दल तक्रार आहे. मार्चमध्ये उजव्या बुटाचा सोल अंगठ्याच्या बाजूने सुटू लागला आणि विक्रेत्याने ती ‘वापराची झीज’ ठरवून बदली देण्यास नकार दिला. शेवटी चौकातल्या चर्मकारदादांनी गोंद भरून बाजूने जाड दोऱ्याचे टाके मारले आणि ते अजून पक्के आहेत. चिकट रबर मऊ असल्यामुळे लवकर झिजते हे मान्य, पण सांधा सुटणे ही झीज नव्हे. खरेदीच्या वेळी सोलचा मधला थर कशाचा आहे हेही विचारावे. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत, बूट न वापरताही, काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटतो, म्हणून माळ्यावर ठेवलेले जुने बूट थेट मोठ्या चढाईला नेऊ नयेत. माझ्या बुटात इव्हीए, म्हणजे फोमसारखे मऊ प्लॅस्टिक आहे. ते असे तुटत नाही, पण दबत जाते, आणि टाचेखाली ते दबल्याचे आता जाणवू लागले आहे. पुढची जोडी याच घडणीची घेईन, मात्र ज्यांचा सोल कडेने शिवलेला आहे अशीच.