अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं: सोलर, वीज की गॅस?

घरातली वीज वाचवायची म्हटलं की आपण आधी दिव्यांच्या मागे लागतो. दिवे जरूर बंद करावेत. पण हिवाळ्यात वीस लिटरची बादली 22 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर 9 वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर दहा दिवस चालतो. पर्यावरणासाठी घरात एकच बदल करायचा असेल, तर तो न्हाणीघरात करा, असं मला मनापासून वाटतं. प्रश्न एवढाच की कोणता.

आधी वीज आणि गॅस. इथला हिशेब बहुतेकांना अनपेक्षित वाटतो. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विजेवर तापवलेल्या बादलीमागे तीनशे ग्रॅमच्या वर. तीच बादली गॅस गिझरवर भरली, तर 45 ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि कार्बन सव्वाशे-दीडशे ग्रॅम पडतो. आजच्या घडीला गॅसवर कार्बन निम्म्याहूनही कमी पडतो.

तरी बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवू नका. बंद खोलीत ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि अंघोळ करणारा माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या येतात. बसवायचाच तर गिझर बाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत ठेवा आणि आत फक्त पाण्याची पाइप घ्या. शिवाय चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या, तर महिन्याला पाच किलोवर गॅस जातो, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. वीज वर्षागणिक थोडी थोडी स्वच्छ होईल. गॅस मात्र पंधरा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल.

आता सोलर, म्हणजे उन्हाने पाणी तापवणारा गच्चीवरचा हीटर. स्वतःची गच्ची असेल तर मी फार विचार करायला सांगणार नाही, सोलरच घ्या. पुण्या-नाशकाकडे पावसाळा सोडला तर बहुतेक दिवस कडक ऊन असतं आणि टाकीत 55-60 अंशांचं पाणी मिळतं. दोन-तीन माणसांना शंभर लिटरची टाकी पुरते. पुण्यात चालू स्थितीतल्या सोलरसाठी मिळकत करात सवलतही मिळते.

पण विकणारा ज्या गोष्टी सांगत नाही, त्या आधी विचारा. पाणी बोअरचं आहे का? सोलर दोन प्रकारचे असतात, काचेच्या नळ्यांचे आणि सपाट पॅनेलचे. क्षारांचे थर काचेच्या नळ्यांत साचतात आणि नळ्या तडकू शकतात. सपाट पॅनेलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या तर चोंदतातच. असं पाणी असेल तर हीट एक्स्चेंजरचं मॉडेल मागा, त्यात बोअरचं पाणी उन्हात तापणाऱ्या नळ्यांतून फिरत नाही.

दुसरं, तुमचा मजला कितवा? गच्चीपासून पंधरा मीटर खाली येणाऱ्या पाऊण इंची पाइपमध्ये साडेचार लिटरच्या वर गार पाणी उभं असतं. गरम पाणी येईपर्यंत ते सगळं मोरीत वाहून जातं, रोज, प्रत्येक घरात. नळाखाली बादली ठेवून ते पाणी फरशीला, झाडांना वापरा. पाइपवर उष्णतारोधक आवरण घातलंय का, हेही गच्चीवर जाऊन डोळ्यांनी बघा.

तिसरी गोष्ट टाकीतल्या कॉइलची, म्हणजे ऊन नसताना विजेवर पाणी तापवणाऱ्या जोडणीची. ढगाळ दिवशी एका बादलीसाठी कोणीतरी कॉइलचं बटण दाबतं आणि शंभर लिटर पाणी 25 वरून 50 अंशांवर जायला तीन युनिटच्या आसपास वीज जाते. कॉइल नकोच. पावसाळ्यासाठी बाथरूममध्ये छोटा गिझर असू द्या. दिवसाला माणशी अर्धा युनिट जाईल, तेवढंच.

कोकणात, गावाकडे अजून बंब पेटतात. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या परसातल्याच असतील तर मला त्यात वाईट दिसत नाही, फक्त धूर घराबाहेर जायला हवा. विकतचं सरपण आणून बंब पेटवणं मात्र टाळावं.

फ्लॅटमध्ये गच्ची सामायिक आणि सोसायटी तयार नाही, ही शहरातली नेहमीची अडचण. तिथे माझं मत सरळ आहे: पाच स्टारचा 15 लिटरचा विजेचा गिझर. 25 लिटरचा घेतलात तर उरलेलं गरम पाणी टाकीतच निवत राहतं. पाठोपाठ अंघोळी करा आणि शेवटच्याची बादली भरली की बटण बंद. गच्चीवर वीज बनवणारी पॅनेल असतील आणि त्यांच्या विजेचा वाटा तुमच्या घरच्या मीटरवर धरला जात असेल, तर दुपारच्या उन्हातून बनलेली वीज या गिझरच्या विजेतून वजा होऊ शकते. पण जागा थोडी असेल तर लक्षात ठेवा, नुसतं पाणीच तापवायचं असेल तेव्हा तेवढ्याच उन्हातून सोलर हीटर वीज-पॅनेलच्या दुपटीहून अधिक कामाला येतो.

घरात चालू स्थितीतला गिझर असेल तर तो मोडीत काढायची घाई नको. आधी शॉवर मोजा. जुन्या शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर सहज पडतात. पाच मिनिटांत अडीच बादल्या. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या घरात विजेचा गिझरसुद्धा शॉवरवाल्या घरातल्या गॅस गिझरएवढ्याच कार्बनमध्ये काम भागवतो.