योआ की फ्राम?

नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक रोआल्ड अमुंडसेन याच्या योआ आणि फ्राम या दोन जहाजांपैकी त्याची खरी जोडीदारीण मला योआच वाटते. जेमतेम २१ मीटरची, हेरिंगच्या मासेमारीतली जुनी बोट. १९०३ च्या जूनमध्ये भर पावसात, मध्यरात्री, सावकारांना गुंगारा देत ती सात जणांसह निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या उथळ खाड्यांत तिचा छोटा आकारच कामी आला; मोठं जहाज तिथे रुतलंच असतं. १९०६ मध्ये वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारा सागरी मार्ग, पार झाला.

फ्राम मुळात नान्सेन या दुसऱ्या नॉर्वेजियन ध्रुवीय संशोधकासाठी बांधलेली. तिचा तळ गोलसर, म्हणजे बर्फाने आवळलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जाई. खुल्या समुद्रात मात्र ती अशी डोलायची की विचारू नका! त्यात डेकवर शंभरेक कुत्री. तरी १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुव गाठणारी अमुंडसेनची तुकडी तिनेच अंटार्क्टिकाला पोचवली.