स्पॅटस्टॅट: पॅकेज उत्तम, पण हद्द नीट आखली तरच

मिश्र जंगलात ऐन, कळंब, कुडा यांची झाडं पुंजक्यानं आहेत, कशीही पसरलेली आहेत की अंतर राखून, हे तपासायला 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं स्पॅटस्टॅट पॅकेज सध्या सगळ्यांत भरवशाचं. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. चौकटीतली झाडं मोजून प्रचरणाला (चौकटी-चौकटींतल्या आकड्यांच्या चढउताराला) सरासरीनं भागण्यापेक्षा कितीतरी सरस, कारण तो भागाकार चौकटीच्या आकाराबरोबर बदलतो. सरावाला पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावरची ३६०५ झाडांची नोंद सोबतच मिळते, १००० × ५०० मीटरमधली, उंची आणि उतारासकट.

खरी अडचण पॅकेजच्या आधीची. बोरिवलीच्या उद्यानात दाट पानांखाली फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं, आणि प्रश्न असतो दोन-तीन मीटरचा. म्हणून जीपीएस फक्त कोपऱ्यांना. आत टेप आणि होकायंत्र. टेप उताराला लावून धरली तर अंतर फुगतं: २० अंशांच्या उतारावर टेपवरचे २० मीटर आडवे १८.८च भरतात. आकडे अक्षांश-रेखांशात देऊ नका. मुंबईसाठी यूटीएम या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, मीटरमध्ये. एकाच खुंटातून फुटलेले सागाचे चार फुटवे चार झाडं म्हणून लिहिलेत, तर अर्ध्या मीटरवर खोटा पुंजका उभा राहतो.

पॅकेजला द्यायच्या प्लॉटच्या हद्दीतून उघडा कातळ आणि डांबरी रस्ता वगळाच. नाहीतर झाडं उरलेल्या जागेत 'दाटलेली' दिसतात. बाहेरच्या रेषेचे बिंदू घड्याळाच्या उलट दिशेनं द्या, आतली भोकं सुलट दिशेनं. चुकलं की क्षेत्रफळ उणे असल्याची तक्रार येते. ती तरी स्पष्ट असते, बाकीचे संदेश बरेचदा कोड्यात बोलतात.

रिप्लीचं के-फंक्शन झाडापासून ठरावीक अंतराच्या आत किती शेजारी आहेत ते मोजतं, म्हणून ते साठत जाणारं आहे. तीन मीटरवरचा दाटपणा पंधरा मीटरपर्यंत ओढला जातो, म्हणून जोडीला नेमक्या त्या-त्या अंतरापुरतं बोलणारं पेअर कोरिलेशन काढाच. ओहळाकाठची करंज-उंबराची गर्दी बियांमुळे की पाण्यामुळे? इथे असमान घनतेचं, म्हणजे जागेनुसार बदलणारी घनता जमेस धरणारं के-फंक्शन लागतं. मात्र घनता गुळगुळीत करण्याची त्रिज्या फार लहान घेतली तर ती खरा पुंजकाही गिळते. अंतर प्लॉटच्या लहान बाजूच्या पावपटीपुढे वाचू नये.

एन्व्हलपचा, म्हणजे झाडं कशीही पसरलेली असती तर आलेखाची रेषा कुठवर हलली असती ते दाखवणारा, करडा पट्टा सर्वांत फसवा. ३९ वेळा केलेल्या नकलांमधून येणारी पाच टक्क्यांची पातळी आधीच ठरवलेल्या एकाच अंतरासाठी लागू असते. आलेखभर नजर फिरवून रेषा कुठे बाहेर पडते ते शोधलं तर ती पातळीच मोडते. सगळ्या अंतरांचा एकत्र निकाल हवा तर ग्लोबल एन्व्हलप किंवा डीसीएलएफ चाचणी.

जुनं उतरवलेलं कोड वापरणाऱ्यांनी जपावं: २०२१ पासून पॅकेज अनेक तुकड्यांत विभागलंय. आणि एखाद्या जातीची वीस-पंचवीसच झाडं असतील तर पट्टा इतका रुंद येतो की त्यातून काही निघत नाही. प्लॉट वाढवा, नाहीतर ती जात सोडून द्या.