ट्रेडची खोली मोजणारा गेज आणि मागच्या चाकाची आतली खाच: काही महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हिसिंगनंतर हाती पडलेल्या कागदावर ‘चारही टायर बदलणे आवश्यक’ एवढाच शेरा होता. कोणत्या टायरचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा थर, किती उरला आहे, झीज कोणत्या बाजूने झाली आहे, टायर कोणत्या वर्षी तयार झाला आहे, यांपैकी एकही गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती आणि विचारल्यावर ‘बघूनच कळते’ असे उत्तर मिळाले. चार टायरांचा खर्च ज्याने करायचा, त्याला चार आकडेसुद्धा मिळू नयेत, हे मला पटले नाही. टायर गोटा होईपर्यंत फिरवण्याची माझी इच्छा नव्हती, पण आयुष्य शिल्लक असलेले रबर फेकून देण्याचीही नव्हती. म्हणून मी छोट्या पडद्याचा डिजिटल गेज घेतला आणि तेव्हापासून नियमाने मोजमाप करून वहीत नोंदवत आलो आहे.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमी ही अनेक देशांतली कायदेशीर किमान मर्यादा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. खाचेच्या तळाशी असलेले झिजेचे उंचवटे त्याच उंचीचे असतात. पण उंचवटे ट्रेडच्या पातळीला येईपर्यंत थांबणे मला आता योग्य वाटत नाही. कोरड्या रस्त्यावर घासलेला टायर नव्याइतकाच, पुष्कळदा थोडा अधिक चांगला थांबतो, कारण ट्रेडचे ठोकळे आखूड झाल्यामुळे ते कमी वाकतात. त्यामुळे चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र पाणी बाजूला सारायला खाचेत जागाच उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. वापरण्याजोग्या ६.४ मिमीपैकी ३ मिमीवर टायर बदलल्यास १.४ मिमी, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, सोडून द्यावा लागतो. काटकसरीने विचार करूनही हा पाचवा हिस्सा सोडण्याच्या निर्णयापर्यंत मी आलो आहे.

सुरुवातीला गेजवर मी फार खूश होतो. काचेवर टेकवून शून्य जुळवले की आकडा स्वच्छ दिसतो, खडा अडकलेला नसेल तर पुन्हा मोजल्यावरही तोच येतो, आणि उंचवट्यावर चुकून टेकला तर वाचन एकदम कमी आल्यामुळे लगेच लक्षात येते. पुढच्या दोन्ही टायरांवर बाहेरची, मधली आणि आतली अशा तिन्ही खाचा मोजल्या आणि सगळीकडे ४.५ मिमीच्या आसपास वाचन आले. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकाची आतली कडही समोर येते, त्यामुळे त्यात काहीच अडचण नव्हती. मागच्या टायरांच्या बाहेरच्या आणि मधल्या खाचाही जवळपास तेवढ्याच भरल्या. सर्व्हिस सेंटरचा शेरा निराधार आहे, असे माझे मत त्या वेळी पक्के झाले.

ते मत पुढे बदलावे लागले, आणि त्याला कारणीभूत ठरली मागच्या चाकाची आतली खाच. मागचे चाक वळत नाही. बंपरच्या मागून वाकून, जमिनीलगत हात घालूनच आतल्या कडेपर्यंत पोहोचता येते, आणि तिथे माझ्या गेजची सगळी गैरसोय उघड झाली. त्याचा पाया रुंद आहे, तो अरुंद जागेत ट्रेडवर सपाट बसत नाही. पडदा चाकाच्या आडोशाला जातो. सरकता भाग सैल असल्यामुळे गेज बाहेर काढेपर्यंत आकडा हलतो. ज्या खाचेसाठी गेज सर्वात जास्त लागतो, नेमक्या त्याच खाचेत तो निरुपयोगी ठरावा, याचा मला अजूनही राग येतो. शेवटी पेनसारखा साधा प्लॅस्टिकचा गेज आणला. त्याची पट्टी घट्ट सरकते आणि जिथे थांबली तिथेच राहते, त्यामुळे तो आत दाबून बाहेर काढावा आणि उजेडात निवांत वाचावा. त्याने दाखवलेला आकडा २ मिमीच्या जरासा वर होता, दोन्ही मागच्या टायरांवर, आणि तोही बाहेरून टायर अगदी धडधाकट दिसत असताना.

म्हणजे शेरा अर्धा बरोबर होता, पण ज्या कारणाने बरोबर होता ते कारण लिहिणाऱ्याने सांगितले नव्हते. चारही टायर बदलून गाडी तशीच परत दिली असती, तर नव्या मागच्या टायरांची आतली कडही त्याच वेगाने गेली असती. एकाच कडेची झीज बहुधा चाकाचा कल किंवा टो (वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलेले आहे तो कोन) बिघडल्यामुळे होते. दोन्ही खांद्यांची, म्हणजे ट्रेडच्या दोन्ही कडांची, झीज सततच्या कमी हवेमुळे होते, तर फक्त मध्यभागाची झीज जास्त हवेमुळे. ट्रेडवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर संशय टोवर घ्यावा. माझ्या टायरांवर नेमके तसेच लागत होते.

या आतल्या कडेबद्दल मी इतके लिहितो आहे, कारण नियमही तिला पुरेसे पकडत नाहीत. १९८९ च्या युरोपीय निर्देशात १.६ मिमीची अट ट्रेडच्या मधल्या सुमारे तीन-चतुर्थांश पट्ट्यातल्या मुख्य खाचांना लावलेली आहे. मधल्या खाचेत भरपूर खोली असताना आतला खांदा संपत आलेला असू शकतो. ‘बघूनच’ सांगणारे डोळेही सहसा बाहेरच्या बाजूवरच फिरतात.

टायरचे वय वाचतानाही हीच बाजू आडवी येते. उत्पादनाचा चार अंकी आकडा, उदाहरणार्थ ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा, पुष्कळदा टायरच्या एकाच साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) असतो आणि टायर उलटा बसलेला असेल तर तो आत दडतो. रबर कालांतराने कडक होते, साइडवॉलवर बारीक तडे जातात, आणि खोली भरपूर असूनही टायर बदलण्याची वेळ येते. काही मोठ्या टायर कंपन्या उत्पादनापासून दहा वर्षे ही कमाल मर्यादा सांगतात, मग खाच कितीही खोल असो. स्टेपनीलाही हेच लागू आहे. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, तिथे गेजचा प्रश्नच उरत नाही, तो टायर तत्काळ उतरवावा.

मी मागचे दोनच टायर बदलले, त्याआधी मागच्या चाकांचा टो दुरुस्त करून घेतला आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे आकडे छापून मागितले. नवी जोडी मागेच ठेवली, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणे पुढची पकड सुटण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. पुढचे टायर आता ४ मिमीवर आले आहेत, झीज सर्वत्र सारखी आहे आणि ते ३ मिमीपर्यंत चालवण्याचा माझा निश्चय आहे. नव्या मागच्या टायरांच्या तिन्ही खाचांत अजून तरी लक्षात येण्याजोगा फरक पडलेला नाही.

डिजिटल गेजला पाचपैकी दोन गुण, आणि तेही फक्त पुढच्या चाकांसाठी. त्याची बटण बॅटरी बंद अवस्थेतही उतरते, ही तक्रार वेगळीच. साध्या सरकत्या गेजला साडेचार. अर्धा गुण कमी केला तो त्याच्या आखणीच्या रेषा बोटाच्या घर्षणाने पुसट होऊ लागल्यामुळे. घेताना पाया अरुंद आहे का आणि उलटा धरल्यावर पट्टी जागची हलत नाही ना, एवढे दुकानातच तपासून घ्यावे.