बडोद्यातलं फ्रेमिंग : काम चोख, पण समास सांभाळून घ्या

दांडिया बाजाराजवळच्या या फ्रेमवाल्याकडे देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटोच जास्त. या वेळचं काम वेगळं होतं. अवकाशमोहिमांच्या बातम्या जन्मभर जमवणारे एक हौशी गृहस्थ वारले. त्यांच्या कात्रणांमधून वर्षश्राद्धापर्यंत एक फ्रेम घरच्यांना हवी होती.

कात्रणांचं खरं मोल समासात आहे. १९ एप्रिल १९७५ ला भारताचा पहिला उपग्रह आर्यभट सोव्हिएत रॉकेटवरून गेला, त्या बातमीपासून मंगळयानापर्यंत प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीनं उड्डाणाची वेळ लिहिलेली. मंगळयानाच्या कडेला '१४.३८, ५/११/१३'. दुकानाने पहिल्या मांडणीत कडा सरळ दिसाव्यात म्हणून माउंटची (कात्रणाभोवतीच्या जाड कार्डाची) खिडकी नेमकी या नोंदींवरून कापली. सांगितल्यावर कुरकुर न करता बदलून दिली, पण सांगावं लागलं. आता कात्रणं 'फ्लोट' पद्धतीनं लावली आहेत : खिडकी मोठी, कागदाची फाटकी कडही दिसते, आणि काचेच्या कडेला आतून ६ मिमीच्या पट्ट्या, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. बडोद्याच्या पावसाळ्यात टेकलेला कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई सोबत येते.

दुसरी चूक लॅमिनेशनची. कारागीर पटकन तेच सुचवतो. नको म्हणा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे तो आतूनच आम्ल होऊन पिवळा पडतो. प्लास्टिकने ते थांबत नाही, आणि उष्णतेने बसलेला थर पुन्हा निघत नाही. सेलोटेपही तसाच, काही वर्षांनी तपकिरी डाग सोडतो. कात्रण चिकटवायला पातळ पण चिवट अशा जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही फक्त वरच्या कडेला, एवढं पुरतं. दुकानात जपानी कागद नव्हता, घरच्यांनी मागवून दिला तेव्हा हात मात्र सफाईने चालला.

स्कॅनिंग त्यांच्याकडचंच, ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये. पहिल्या खेपेस मागच्या पानाचा मजकूर आरपार उमटला. कात्रणामागे काळा कागद ठेवल्यावर तो गेला. इतकी साधी गोष्ट फ्रेमवाल्याला माहीत नसावी, हे जरा खटकलं.

मांडणीवरही थोडा वाद झाला. १० ऑगस्ट १९७९ चं एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप बिघडून ॲसिड गळलं आणि रॉकेट समुद्रात गेलं. 'वाईट बातमी फ्रेममध्ये कशाला?' असं दुकानाचं म्हणणं. पण त्या गृहस्थांनी ती सर्वांत जपून ठेवली होती, घड्या अगदी कमी. शेवटी ती आणि १८ जुलै १९८० ची, त्याच रॉकेटने नेलेल्या रोहिणी उपग्रहाची बातमी शेजारी शेजारी लावली. मधल्या जागेत १९७५ चं आर्यभटाचं टपाल तिकीट आणि मागच्या बाजूला आर्यभट असलेली जुनी दोन रुपयांची नोट. तिकिटाला गोंद लावायचा नाही, पॉलिस्टरच्या पारदर्शक कोपऱ्यात बसवायचं. पीव्हीसीचे कोपरे चालत नाहीत, ते कालांतराने चिकट होतात.

काच यूव्ही (अतिनील) किरण रोखणारी घ्या. साध्या काचेपेक्षा बरीच महाग पडते, पण पेन्सिलीपेक्षा छपाईची रंगीत शाई आणि तिकिटाचा रंग आधी जातो. बॅकिंगला, म्हणजे फ्रेमच्या पाठीला, दुकान एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) लावतं. त्यातून आम्लयुक्त वाफा येतात, म्हणून आम्लमुक्त बोर्डाचा एक थर मध्ये घालून घ्या. बिलात काच, बोर्ड आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा, तोंडी एकच आकडा सांगतात.

पट्टीचं लाकूड, कोपऱ्यांचे ४५ अंशांचे सांधे, पॉलिश यात बोट ठेवायला जागा नाही. भिंतीला लावताना मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.