आठ महिने ग्रॅव्हल सायकल: नागपूरच्या पांदणी, नहर आणि सागवनातला अनुभव

दसऱ्याला घेतलेल्या ग्रॅव्हल सायकलचे (रोड बाईकसारखं वाकडं हँडल, पण कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायर) आज 2,900 किलोमीटर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त डांबर सोडून झाले आहेत: कळमेश्वरकडच्या पांदणी, पेंचच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेची वाट, झुडपी जंगलातले बैलबंडीचे रस्ते आणि पारशिवनी-रामटेकच्या बाजूचे सागवनातले मुरमाचे रस्ते. घ्यायच्या आधी आपल्या मातीवर ही सायकल चालवलेल्या माणसाने मराठीत लिहिलेलं काही मला सापडलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याआधी सात वर्षं मी रोड बाईक चालवली, काटोल रोड आणि जबलपूर रोडवर. गेल्या पावसाळ्यात एका टिप्परचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. लागलं फारसं नाही, पण त्या दिवसापासून मागून आवाज आला की हँडल घट्ट धरलं जायचं. सकाळी दोन तास सायकल चालवायची आणि दोन्ही तास पाठीमागे कान लावून बसायचं, हे मला नको झालं होतं. गाड्याच नसतील असे रस्ते शोधायचे ठरवलं. ते नागपूरच्या चारही बाजूंना आहेत, फक्त त्यांच्यावर डांबर नाही.

सायकल अशी: ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा कार्बनचा फोर्क, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे पेडलपाशी 40 दात्यांची एकच चेनरिंग, मागच्या चाकावर 11 ते 42 दात्यांच्या गिअरच्या चकत्यांची कॅसेट, 38 मिलिमीटरचे टायर. फ्रेमबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती आपलं काम करते. दुकानात सगळी चर्चा फ्रेमवरच होते आणि आठ महिन्यांत मला कळलं ते हे, की आपल्याकडे या सायकलीचं सुख-दुःख टायर आणि माती मिळून ठरवतात.

माती म्हणजे काय, तर नागपूर दोन वेगळ्या जमिनींच्या सीमेवर बसलं आहे. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोल या बाजूला दख्खनचा लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची झीज होऊन झालेली काळी कसदार माती, तिच्यात कापूस आणि संत्री. पूर्व-उत्तरेला मनसर, रामटेक, देवलापार इकडे त्याहून कितीतरी जुने खडक. तिथला रस्ता रेताड, तांबूस, मधूनमधून पांढऱ्या गारगोट्या, आणि मनसरजवळ मँगनीजचे काळे जड खडे. नकाशावर दोन्हीकडचे कच्चे रस्ते सारखेच दिसतात. चाकाखाली ते दोन वेगळे देश आहेत.

हे मी मार्चमध्ये शिकलो. अवकाळी पाऊस रात्री पडून गेला होता, सकाळी लख्ख ऊन. कळमेश्वरच्या पुढे एका पांदणीत शिरलो. चाकाचे पाच-सहा फेरे झाले असतील, तेवढ्यात माती टायरला, टायरची फोर्कला आणि मागची चेनला धरून बसली. चाक फिरेना. मी जोर लावला, ती चूक. गिअर बदलणारा मागचा डिरेलर आत ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटला. धुऱ्यावरून एक काका आले, हातात पऱ्हाटीचं वाळलेलं खोड. त्यांनीच ते फोर्कमध्ये घालून माती उकरायला सुरुवात केली. “काळ्या मातीत पानी पडलं का आमी बंडीबी नाही काढत जी. तुमी सायकल काहाले काढली?” सायकल खांद्यावर घेऊन डांबरापर्यंत दोन किलोमीटर चालत आलो. एरवी 11 किलोची सायकल त्या दिवशी दुप्पट जड लागत होती.

हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. दुकानात नव्हता, मागवून यायला तीन आठवडे लागले, ऐन पळस फुललेला असताना सायकल घरी उभी. सायकल घ्याल त्याच दिवशी एक जादा हँगर घ्या. मी आता एक पिशवीत ठेवतो आणि एक घरी.

काट्यांचंही सांगायला हवं. शेताला कुंपण म्हणून बाभळीच्या, बोरीच्या फांद्या टाकतात आणि बंडीच्या चाकाखाली त्या पांदणीभर पसरतात. ट्यूब असताना एका सकाळी तीन पंक्चर झाले. डिसेंबरमध्ये ट्यूबलेस करून घेतले, म्हणजे आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं सीलंट नावाचं पातळ द्रव्य; सोबत टायरही 42 चे. तेव्हापासून रस्त्यात थांबून पंक्चर काढायची वेळ एकदाही आली नाही. काटा शिरतो, पांढरा थेंब बाहेर येतो, चार फेऱ्यांत भोक बंद. मात्र त्या सीलंटच्या बाटलीवर लिहिलेली मुदत नागपूरच्या उन्हाळ्याला लागू होत नाही. मेच्या मध्यावर टायर उघडला तर आत दुधावरच्या सायीसारखा वाळलेला पापुद्रा, ओलावा अजिबात नाही. आता उन्हाळ्यात दर पाच आठवड्यांनी थोडं भरतो आणि सायकल गच्चीच्या खोलीतून खाली आणली आहे.

हवा हा सगळ्यात स्वस्त बदल. रोड बाईकच्या सवयीने मी 60 पीएसआय भरायचो, मनगटाला मुंग्या यायच्या. माझं वजन 72 किलो. आता पुढे 32, मागे 36. मुरमाच्या उतारावर बारीक गोट्यांवरून पुढचं चाक सरकायचं, ते जवळजवळ थांबलं. दुसरा बदल चेनरिंगचा: 40 काढून 36 बसवली. सागाची पानं पडलेल्या चढावर मागचं चाक घसरू द्यायचं नसेल, तर बसूनच हलक्या गिअरवर चढावं लागतं, आणि 40 वर माझे गुडघे बोलायला लागले होते.

चेनला ओलं तेल लावू नका. एप्रिल-मेचा फुफाटा त्यात मिसळला की घासकागदासारखं काम करतो. मी मेणावर आलो, चेन काळी होत नाही. ब्रेकची वायर मात्र दर पंधरा दिवसांनी ताणावी लागते. पुन्हा घेतली तर तेलावर चालणारे ब्रेक असलेली घेईन.

नवशिक्यांना मी पहिल्यांदा नहराच्या वाटेवर पाठवीन. नवेगाव खैरीच्या धरणातून निघणारा पेंचचा उजवा कालवा नागपूरकडे येतो, आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच धरणाचं. पाणी वाहायचं म्हणून उतार अगदी नावाला, त्यामुळे कडेची वाटही सपाट. कुठे मुरूम, कुठे गवत. हिवाळ्यात पाणी सुटलेलं असताना एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला नहर, आणि तासभर एकही गाडी नाही. कन्हानच्या काठचे रस्ते नकाशात इतकेच मोकळे दिसतात, पण तिथे पहाटेपासून रेतीचे टिप्पर असतात. तिकडे जाऊ नका.

खरं मन रमलं ते पारशिवनीच्या पुढे. मेहुण्याच्या गाडीवर सायकली टाकून आम्ही पारशिवनीपर्यंत जातो आणि तिथून गावागावांना जोडणाऱ्या जंगलरस्त्यांनी फिरतो. फेब्रुवारीत सागाच्या वाळक्या पानांचा इतका जाड थर असतो की खालचा दगड दिसत नाही, आणि आवाज असा की शेजारचा बोललेलं ऐकू येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला एका मोहाखाली एक मावशी फुलं वेचत होत्या. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली, त्या काळ्या राखेवर फिकी पिवळसर, मांसल फुलं. वास गोड आणि जरा आंबूस. टोपलं अर्धं झालं होतं. वळणावरून मी एकदम समोर आलो तशा त्या दचकल्या.

“घंटी नाही का सायकलले?”

नव्हती. या सायकलीसोबत घंटा येत नाही.

“लावून घ्या भाऊ. मोहाच्या दिवसात अस्वल येते झाडाखाली. मान खाली घालून खाते, तिले मानूस आलेला समजत नाही.”

त्याच संध्याकाळी पितळेची घंटा बसवली. आता प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वाजवतो. या सायकलला लावलेल्या सगळ्या वस्तूंत तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

वाघाचा मुद्दा टाळता येत नाही. पेंचचा महाराष्ट्रातला भाग 1999 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यात आपल्या मनाने सायकल नेता येत नाही आणि नेऊही नये. बाहेरच्या गावरस्त्यांवरही आम्ही आधी नाक्यावर विचारतो, ऊन चांगलं वर आल्यावर निघतो आणि दुपारी चारच्या आत डांबरावर येतो. दोनदा वनरक्षकाने आजकाल या बाजूला हालचाल आहे म्हणून परत पाठवलं. दोन्ही वेळा मुकाट्याने फिरलो. एकट्याने जंगलरस्ता मी करत नाही. पाणी तीन लिटर लागतंच. गावात बोरिंगचा हापसा मिळतो, पण मेमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

ज्यांना एवढ्या लांब जायचं नाही, त्यांनी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सायकल चालवून पाहावी. शहरात राहून कच्च्या रस्त्याची चव तिथे कळते.

परवा मनसर आणि रामटेकच्या मधल्या रस्त्यावर असताना या वर्षीचा पहिला मोठा पाऊस लागला. एका गोठ्याच्या छपराखाली थांबलो, शेजारी तीन गाई. वीस मिनिटं धो-धो. उघडल्यावर भीत भीतच चाक रस्त्यावर ठेवलं, मार्चमधली पांदण डोळ्यांसमोर होती. पाणी रेतीत कधीच जिरून गेलं होतं. दोन किलोमीटरवर उतरून टायरला हात लावला, तर नुसती रेतीची खरखर, माती कुठेच धरलेली नव्हती. कळमेश्वरकडच्या पांदणी आता दिवाळीपर्यंत बंद, पावसाळाभर आम्ही इकडेच.